सर्व्हर बंद पडला तरी ओपीडी चालली पाहिजे : लहान रुग्णालयांसाठी सायबर सुरक्षेची पहिली पावले

परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या चाळीस खाटांच्या रुग्णालयाचे व्यवस्थापन मी सांभाळतो. तीन वर्षांपूर्वी एका सोमवारी, सकाळी पावणेआठच्या सुमारास, स्वागतकक्षातील मुलीने फोन करून सांगितले की केसपेपर निघत नाही आणि संगणकावर इंग्रजीत काहीतरी धमकी आली आहे. त्या दिवशी गावचा आठवडी बाजार होता आणि बाहेर साठ-सत्तर रुग्ण बसले होते. सर्व्हरवरच्या सगळ्या फाइली कुलूपबंद झाल्या होत्या आणि त्या उघडून देण्यासाठी खंडणी मागितली होती. पुढचे अकरा दिवस आम्ही कागदावर काढले.

नंतर चौकशीत कळले की सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीसाठी कधीकाळी उघडलेली दूरस्थ जोडणी कोणीच बंद केली नव्हती आणि तिचा पासवर्ड कोणालाही सुचेल असा होता. बॅकअप घेतला जात होता, पण तो त्याच सर्व्हरच्या दुसऱ्या ड्राइव्हवर आणि कायम जोडून ठेवलेल्या एका एक्स्टर्नल डिस्कवर; त्यामुळे मूळ माहितीबरोबर तोही गेला. एक्स-रेचा संगणक मात्र अर्धा वाचला, कारण पहाटे वीज गेली आणि त्याच्या यूपीएसची बॅटरी आधीच संपलेली होती. वीज गेल्याचा आनंद होण्याची वेळ माझ्यावर आयुष्यात तेवढी एकदाच आली.

ज्या रुग्णालयांत स्वतंत्र आयटी विभाग नाही, एक ‘संगणकवाला’ फोन केल्यावर दुपारपर्यंत येतो आणि सगळे पासवर्ड त्यालाच ठाऊक असतात, अशा दहा ते शंभर खाटांच्या रुग्णालयांच्या व्यवस्थापकांसाठी आणि मालक डॉक्टरांसाठी हा लेख आहे. सुरक्षेची सुरुवात फायरवॉल (बाहेरून येणारी घुसखोरी अडवणारे साधन) खरेदीपासून करावी असा सल्ला आपल्याला बहुतेक ठिकाणी मिळेल. मी तसा देणार नाही. संगणक आठवडाभर बंद राहिले तरी रुग्णाला योग्य औषध योग्य मात्रेत मिळेल, ही व्यवस्था आधी उभी करावी. विकत घेण्याच्या गोष्टी त्यानंतर पाहाव्यात.

सुरुवातीला हाताशी काय असावे

• इंटरनेट जोडणीचा ग्राहक क्रमांक, तसेच राउटरचे लॉगिन नाव आणि पासवर्ड
• हॉस्पिटल सॉफ्टवेअरचा खरेदी करार आणि वार्षिक देखभालीचा करार
• सीटी, सोनोग्राफी, एक्स-रे आणि लॅबच्या अ‍ॅनालायझरची हमीपत्रे
• विंडोज आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे परवाने
• पुरेशा क्षमतेच्या दोन एक्स्टर्नल डिस्क
• रुग्णालयाच्या जाळ्याला (नेटवर्कला) कधीही न जोडलेला एक लॅपटॉप
• दोनशे पानी रजिस्टर आणि कुलपाचे कपाट

यातली निम्मी कागदपत्रे सापडणार नाहीत. आम्हाला राउटरचा पासवर्ड मिळवण्यासाठी चार दिवस लागले, कारण तो बसवणारा मुलगा पुण्याला नोकरीस गेला होता.

१. एके दिवशी दोन तास कागदावर काम करून पाहा

रविवारी किंवा कमी गर्दीच्या दिवशी, आधी सर्वांना सांगून, दोन तास सर्व्हर बंद ठेवा आणि काय अडते ते लिहून काढा. आमच्याकडे पहिल्याच अर्ध्या तासात तीन गोष्टी अडल्या. छापील केसपेपर शिल्लक नव्हते, दरपत्रक फक्त सॉफ्टवेअरमध्ये होते आणि कोणत्या खाटेवर कोण आहे हे सिस्टरच्या आठवणीवर चालले होते.

यावर आम्ही काढलेला सर्वांत उपयोगी उपाय अगदी साधा आहे. रोज सकाळी आठ आणि रात्री आठ वाजता भरती रुग्णांची यादी छापली जाते. तिच्यात खाट क्रमांक, निदान, चालू औषधे व मात्रा, अ‍ॅलर्जी आणि रक्तगट असतात. जुनी यादी नवी आल्यावर फाडली जाते. संगणक कोणत्याही क्षणी गेला तरी बारा तासांहून जुनी माहिती वापरावी लागत नाही.

एका फसगतीपासून सावध राहावे. कागदावर काम सुरू झाले की कर्मचारी नोंदणी क्रमांक पुढे चालू ठेवतात आणि सर्व्हर परत आल्यावर तेच क्रमांक संगणक दुसऱ्या रुग्णांना देतो. त्यासाठी हस्तलिखित केसपेपरना ‘ह’ अक्षराने सुरू होणारी वेगळी मालिका द्यावी. एमएलसी रजिस्टर (पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या रुग्णांची नोंदवही) आणि सोनोग्राफीचे एफ फॉर्म (गर्भवतींच्या सोनोग्राफीची कायद्याने ठेवायची नोंद) यांच्या सही केलेल्या कागदी प्रती नियमाने ठेवलेल्या असल्यामुळे त्या अकरा दिवसांत आम्हाला त्यांचा मोठा आधार झाला. एफ फॉर्मचा मासिक अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत द्यावाच लागतो आणि सर्व्हर बंद होता ही सबब तिथे चालत नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे काम शासनाच्या पोर्टलवर होते, म्हणजे ते आपल्या सर्व्हरवर अवलंबून नसते. कोणत्याही स्वच्छ संगणकावरून ते चालू ठेवता येते. आमचे तेही दोन दिवस अडले, कारण पासवर्ड फक्त त्या बाधित संगणकाच्या ब्राउझरमध्ये साठवलेला होता. असे पासवर्ड बंद पाकिटात, सही करून, कपाटात ठेवावेत.

२. आपल्याकडे काय काय आहे, ते मोजा

रजिस्टर घ्या आणि तळमजल्यापासून गच्चीपर्यंत फिरा. इंटरनेटला किंवा एकमेकांना जोडलेली प्रत्येक वस्तू लिहा : ती कुठे आहे, कोणती विंडोज आहे, कोण वापरते, शेवटचा पासवर्ड केव्हा बदलला. संगणक आणि प्रिंटर सगळेच लिहितात. विसरतात ते सीसीटीव्हीचा डीव्हीआर, हजेरीचे बोटठशाचे यंत्र, लॅबच्या अ‍ॅनालायझरला जोडलेला जुना संगणक, औषध दुकानाचा बिलिंगचा संगणक आणि डॉक्टरांच्या केबिनमध्ये कोणीतरी परस्पर लावलेला वायफायचा डबा. आमच्या अंदाजाने चौदा वस्तू होत्या. प्रत्यक्षात एकतीस निघाल्या.

३. बॅकअप : इथे घाई करू नका

एवढा एकच टप्पा नीट पार पडला असता तर आमचे अकरा दिवस दोनवर आले असते.

जुना आणि खात्रीचा नियम असा आहे की माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक रुग्णालयाच्या इमारतीबाहेर असावी. त्यात मी एक अट घालतो : किमान एक प्रत अशी असावी की जिला सर्व्हरवरून हातच लावता येणार नाही. खंडणीखोर प्रोग्राम सर्व्हरवर शिरल्यावर त्याला दिसणारी प्रत्येक डिस्क आणि प्रत्येक सामाईक फोल्डर कुलूपबंद करतो. म्हणून कायम जोडलेल्या डिस्कवर भिस्त ठेवून चालत नाही. ढगावरच्या, म्हणजे क्लाउडवरच्या, फोल्डरबाबतही तोच धोका असतो. तो फोल्डर संगणकाशी आपोआप जुळवला जात असेल तर कुलूपबंद झालेल्या फाइली तिथेही जाऊन बसतात. जुन्या आवृत्त्या किती दिवस राखल्या जातात, हे सेवा घेण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

आमची सध्याची पद्धत सांगतो. दोन डिस्क आहेत, एकीवर लाल आणि दुसरीवर हिरवी पट्टी. सम तारखेला लाल, विषम तारखेला हिरवी. रात्री दहाला कामावरचा ब्रदर डिस्क जोडतो, बॅकअप पूर्ण झाल्याची खूण रजिस्टरमध्ये करतो आणि डिस्क काढून कपाटात ठेवतो. त्या दिवशी वापरात नसलेली दुसरी डिस्क डॉक्टरसाहेबांच्या घरी असते. तिच्यात रुग्णांची खाजगी माहिती असल्यामुळे ती बिटलॉकरने (विंडोजमधील डिस्क कुलूपबंद करण्याची सोय) कुलूपबंद केलेली असते आणि तिची किल्ली कागदावर, वेगळ्या ठिकाणी ठेवलेली असते. विंडोजच्या होम आवृत्तीत बिटलॉकरने अशी डिस्क तयार करता येत नाही, त्यासाठी प्रो आवृत्ती लागते. डिस्क गाडीत विसरू नये, हेही सांगून ठेवतो. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर डिस्क राहिली तर हल्लेखोराची गरजच उरत नाही.

दोन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे चालू असलेल्या डेटाबेसची फाइल तशीच कॉपी करणे. अशी प्रत दिसायला पूर्ण असते, पण उघडताना बिघडलेली निघण्याची शक्यता मोठी असते. म्हणून सॉफ्टवेअरमधील किंवा डेटाबेसमधील बॅकअपची सोयच वापरावी. दुसरी म्हणजे बॅकअप परत उतरवून न पाहणे. दर तीन महिन्यांनी, वेगळ्या संगणकावर, सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसाला समोर बसवून तो उतरवावा आणि कालच्या पाच रुग्णांची बिले उघडतात का ते पाहावे. उतरवायला किती तास लागले तेही लिहावे. एक्स-रे आणि सीटीच्या प्रतिमा एवढ्या मोठ्या असतात की आमच्याकडे पहिल्या वेळी ते काम सकाळी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी दुपारी संपले.

४. बाहेरून आत येणारे रस्ते बंद करा

दूरस्थ दुरुस्तीसाठी विंडोजची रिमोट डेस्कटॉप सोय वापरली जाते आणि ती ३३८९ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे संगणकात शिरण्याच्या एका ठरावीक दारातून, चालते. हे पोर्ट राउटरमधून थेट इंटरनेटवर उघडे असेल तर जगभरातले स्वयंचलित प्रोग्राम दिवसरात्र त्यावर पासवर्ड घालून पाहत असतात. आपले रुग्णालय लहान आहे, आपल्याकडे कोण कशाला येईल, हा युक्तिवाद म्हणूनच लागू पडत नाही. त्यांनी आपल्याला निवडलेले नसते, त्यांना फक्त उघडे पोर्ट सापडलेले असते.

राउटरच्या पानावर ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ किंवा ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ नावाची यादी असते. तिच्यातली प्रत्येक ओळ कशासाठी आहे हे विचारा. ज्या ओळीचे उत्तर कोणालाच देता येत नाही, ती काढून टाका. दुरुस्तीसाठी एनीडेस्क किंवा तत्सम साधन वापरायचे असेल तर कायमचा पासवर्ड लावू नये. समोरच्याने फोन करावा, आपल्या माणसाने परवानगी द्यावी आणि काम झाल्यावर जोडणी तोडावी. सॉफ्टवेअरवाले कुरकुर करतील. करू द्या.

जिथे दूरस्थ प्रवेश लागतोच, तिथे पासवर्डाखेरीज मोबाइलवरील दुसरी पडताळणी सक्तीची करावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील चेंज हेल्थकेअर या बिले व विमादावे हाताळणाऱ्या मोठ्या कंपनीत हल्लेखोर शिरले ते अशाच एका दूरस्थ प्रवेशद्वारातून, ज्यावर ही दुसरी पडताळणी लावलेली नव्हती.

सीसीटीव्हीचा डीव्हीआर मोबाइलवर पाहता यावा म्हणून त्याचेही पोर्ट उघडलेले असते आणि पासवर्ड कारखान्यातून आलेला तसाच असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील तपासणीकक्षाची चित्रफीत बाहेर गेल्याचे उघड झाले होते. तपासणी किंवा प्रसूतीच्या खोलीत कॅमेरा मुळातच असू नये.

५. जाळ्याचे वाटे करा

नवी दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी हल्ला झाला, तेव्हा तिथली नोंदणी, लॅबचे अहवाल आणि बिले दोन आठवड्यांच्या आसपास हाताने चालवावी लागली. पाच सर्व्हर बाधित झाले होते आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली होती. शासनाने संसदेत दिलेल्या उत्तरात, जाळ्याचे योग्य विभाजन केलेले नव्हते हे कारण नमूद होते. एवढ्या मोठ्या संस्थेला जे भोवले ते आपल्याकडे तर सर्रास असते. एकाच स्विचवर (सगळ्या केबली जिथे जोडल्या जातात तो डबा) बिलिंग, सीटी, सीसीटीव्ही आणि नातेवाइकांचे वायफाय असे सगळे नांदत असते.

आपल्या आकाराला चार वाटे पुरतात : बिलिंग व सर्व्हर, तपासणीची यंत्रे, सीसीटीव्ही व हजेरी, आणि पाहुण्यांचे वायफाय. यासाठी ‘व्हीलॅन’ची, म्हणजे एकाच जाळ्याचे वेगळे वाटे करण्याची, सोय असलेला स्विच लागतो, तो नसेल तर पाहुण्यांसाठी सरळ वेगळी इंटरनेट जोडणी घ्यावी. विभाजनाचे काम स्वतः करू नये, जाणकाराला बोलवावे. पण काम झाल्यावर पाहुण्यांच्या वायफायवर मोबाइल जोडून सर्व्हर दिसतो का, हे आपण स्वतः तपासावे.

६. जुन्या यंत्रांशी जपून वागा

१२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या प्रोग्रामने ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील रुग्णालयांना ग्रासले आणि तिथे सुमारे १९,००० भेटी रद्द कराव्या लागल्या. मायक्रोसॉफ्टने ती त्रुटी दुरुस्त करणारे अद्यतन त्याच वर्षी मार्चमध्ये दिले होते. ते उतरवायचे राहून गेले होते.

विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सुरक्षा अद्यतनांचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. बिलिंगचे संगणक बदलता येतात. सीटीचे यंत्र बदलता येत नाही आणि त्याच्या संगणकावर कंपनीला न विचारता विंडोज किंवा अँटिव्हायरस टाकल्यास हमी धोक्यात येते, प्रसंगी यंत्रही बंद पडते. अशा यंत्राला इंटरनेट देऊ नये, ते वेगळ्या वाट्यात ठेवावे आणि त्याला पेन ड्राइव्ह लावण्यास मनाई करावी. रुग्ण नांदेड, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरहून सीटीची सीडी घेऊन येतात. ती पाहण्यासाठी कोणत्याही जाळ्याला न जोडलेला एक जुना संगणक राखून ठेवावा.

चोरीच्या विंडोजबद्दल स्पष्ट लिहितो, कारण हे सगळ्यांना माहीत असते आणि कोणी बोलत नाही. ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ (परवाना नसताना विंडोज चालू करणारा प्रोग्राम) चालवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जाते, म्हणजे घरफोडीसाठी आपणच कडी काढून देतो.

७. माणसे आणि पासवर्ड

स्वागतकक्षात तीन पाळ्यांना मिळून एकच लॉगिन असते. त्यामुळे बिलात कोणी फेरफार केला हे कधीच कळत नाही. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन द्यावे, लॅबच्या माणसाला बिले आणि बिलिंगच्या माणसाला एचआयव्हीचे अहवाल दिसू नयेत अशी सोय करावी, आणि नोकरी सोडणाऱ्याचा शेवटचा पगार लॉगिन बंद केल्याच्या सहीनंतरच काढावा. हा शेवटचा नियम आमच्या हिशेबनीसांनी सुचवला आणि तोच सर्वांत चोख पाळला जातो.

अहवाल व्हॉट्सअ‍ॅपवर मागण्याची सवय थांबवता येणार नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. निदान ते रुग्णालयाच्या फोनवरून, नोंदवलेल्या क्रमांकावरच पाठवावेत. कर्मचाऱ्यांच्या खाजगी फोनवरून आणि गटात कधीही पाठवू नयेत. ‘आयुष्मान कार्ड बंद होणार आहे, ओटीपी सांगा’ किंवा ‘विमादावा नामंजूर झाला आहे, जोडलेली फाइल पाहा’ अशा संदेशांचे नमुने छापून काउंटरच्या आतल्या बाजूस लावावेत. एखाद्याने चुकून तशी फाइल उघडली आणि लगेच सांगितले, तर त्याला रागावू नये. आमच्याकडे रविवारी रात्रीच एका ब्रदरला संगणक विचित्र वागताना दिसला होता. बोलणी बसतील म्हणून तो गप्प राहिला.

८. हल्ला झालाच तर

अ) बाधित संगणकाची नेटवर्क केबल काढा, वायफाय बंद करा, बॅकअपची डिस्क जोडलेली असेल तर ती काढा. संगणक बंद करू नका, कारण तपासाला उपयोगी माहिती त्याच्या मेमरीत असते. जाळ्यापासून तो तोडताच येत नसेल, तरच त्याची वीज तोडा.

आ) धमकीचा मजकूर आणि बदललेली फाइलनावे यांची मोबाइलवर छायाचित्रे काढा, वेळ लिहा.

इ) कागदी व्यवस्था सुरू करा आणि ओपीडीत तसे जाहीर सांगा.

ई) सर्ट-इन या केंद्रीय संस्थेला सहा तासांच्या आत कळवा. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार हे बंधनकारक आहे आणि त्यातील ‘बॉडी कॉर्पोरेट’ या संज्ञेत व्यावसायिक काम करणारी भागीदारी आणि एकट्याच्या मालकीची संस्थाही येते. संगणकांचे लॉग (त्यांवर काय घडले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस जपण्याची अटही त्याच निर्देशांत आहे. त्यानंतर जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवा. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करा. तिथे मिनिटांना किंमत आहे.

उ) डिस्क फॉरमॅट करू नका. आमच्या संगणकवाल्याने मदतीच्या उत्साहात दोन संगणक तासाभरात ‘साफ’ करून दिले आणि पुरावा त्यांच्याबरोबर गेला. नवी डिस्क घालून काम सुरू करा, जुनी पाकिटात घालून ठेवा. काही जुन्या खंडणीखोर प्रोग्रामांनी लावलेल्या कुलपांच्या किल्ल्या युरोपोल आणि डच पोलिसांच्या सहभागाने २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. आज नसलेली किल्ली पुढे येऊ शकते.

ऊ) खंडणी भरावी का, हा निर्णय मालकांचा, आम्ही भरली नाही. किल्ली मिळाली तरी काम एका दिवसात सुरू होत नाही. आयर्लंडच्या आरोग्यसेवेवर मे २०२१ मध्ये हल्ला झाला, तेव्हा हल्लेखोरांनी किल्ली फुकट दिली होती, तरी सगळे पूर्ववत होण्यास काही महिने लागले.

रुग्णांची माहिती बाहेर गेली असल्यास पुढची जबाबदारी डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार येते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. त्यांत बाधित रुग्णांना व माहिती संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवणे आणि मंडळाला ७२ तासांत सविस्तर अहवाल देणे अपेक्षित आहे. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. आपल्या वकिलांना हा कायदा आताच वाचायला द्यावा.

९. फोन क्रमांकांचा कागद

सर्व्हर गेला की त्यावरची संपर्कयादीही जाते. सॉफ्टवेअर कंपनी, इंटरनेट सेवा, यंत्रांच्या कंपन्या, सर्ट-इन, सायबर पोलिस, विमा कंपनी, जवळची रक्तपेढी आणि गंभीर रुग्ण जिथे पाठवता येईल अशी दोन रुग्णालये यांचे क्रमांक एका कागदावर छापून त्याला प्लास्टिकचे आवरण लावावे. एक प्रत स्वागतकक्षात, एक अपघातकक्षात, एक व्यवस्थापकाच्या घरी असावी. आम्ही हा कागद पाडव्याला आणि दसऱ्याला तपासतो, प्रत्येक क्रमांक प्रत्यक्ष लावून. मागच्या दसऱ्याला अकरापैकी चार क्रमांक बंद निघाले, त्यांतला एक माझाच जुना होता.